पाचारणासाठी रोजरी: धर्मग्रामात, आळीत आणि घरात ती कशी चालवावी

रविवारच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये पाचारणाची, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ होण्यासाठी येणाऱ्या देवाच्या हाकेची, एक विनंती हमखास असते. वाचणारा वाचतो, आपण "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हणतो आणि मनात धरून चालतो की हे नवे धर्मगुरू शेजारच्या घरातून येतील. पाचारणाची प्रार्थना फसते ती इथेच. मरियेने स्वतःचा एकुलता एक मुलगा दिला होता. तिच्या सोबतीने रोज अर्धा तास बसलात तर विषय दुसऱ्याच्या मुलावर ढकलणे जरा जड जाते. पाचारणासाठी रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची मरियेची प्रार्थना, म्हणायची ती त्यासाठी.

पुढची सगळी मांडणी वसई, मुंबई आणि गोव्यातल्या धर्मग्रामांची (एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजाची) रीत गृहीत धरून केली आहे. इतर ठिकाणच्या मराठी गटांनी वेळा आपल्यापुरत्या बदलून घ्याव्यात.

आधी मागणे नेमके करा

मत्तयाच्या नवव्या अध्यायात येशू सांगतो की पीक फार आहे, कामकरी थोडे आहेत, म्हणून पिकाच्या धन्याकडे कामकऱ्यांची मागणी करा. मागणी पित्याकडे आहे, मरिया आपल्याबरोबर मागते आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात ती माडीवर शिष्यांसोबत प्रार्थनेत बसलेली दिसते, तशी. म्हणून गटाच्या प्रार्थनेत "मरिये, आम्हांला धर्मगुरू दे" असे न म्हणता "मरिये, आमच्यासाठी विनंती कर" असे म्हणावे. पोप सहावे पॉल यांनी १९७४ च्या 'मारियालिस कुल्तुस' या पत्रात हाच आग्रह धरला: मरियाभक्ती ख्रिस्ताकडे नेणारी आणि पवित्र शास्त्राला धरून असावी.

सिसिलीतल्या मेसिना शहरात सेंट हॅनिबल मेरी दी फ्रान्चा (१८५१–१९२७) यांनी मत्तयातल्या या एका आज्ञेवर आपला रोगेशनिस्ट संघ उभा केला. कामकऱ्यांसाठी प्रार्थना करणे हे त्यांच्या संघाचे व्रतच आहे.

इटलीतल्याच लू गावची गोष्ट पाचारणाच्या शिबिरांत हमखास सांगितली जाते. तिथल्या आयांनी १८८१ मध्ये दर मंगळवारी पवित्र साक्रामेंतापुढे (मिस्सेत ख्रिस्तशरीर झालेल्या भाकरीपुढे) बसून आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कम्युनियन घेऊन प्रार्थना सुरू केली. पुढे त्या लहानशा गावातून ३२३ धर्मगुरू, व्रतस्थ आणि धर्मभगिनी झाल्या असे सांगतात. सांगणारे आकड्यावर थांबतात. त्या आयांचे मागणे मात्र "माझ्या मुलांपैकी एक तरी तुझा होवो" असे होते, आणि उचलण्यासारखे आहे ते हेच.

गट उभा करणे

आधी प्रमुख धर्मगुरूंना भेटा. परवानगी हवीच, पण धर्मप्रांताचे पाचारण संचालक कोण आणि आपल्या गावातले सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणगृहात, कोण आहेत, हेही तिथेच कळते. नवे मंडळ काढू नका. आळीतला किंवा वाडीतला लहान समूह असतोच, त्याच्या एका बैठकीला हे रूप द्या. ८ ते १५ घरे पुरेत. त्याहून जास्त झाली की प्रार्थना मागच्या ओटीवर ऐकू जात नाही, आणि मागे बसलेले गप्पांना लागतात.

आठवड्यातला एकच दिवस ठरवा. गुरुवार सगळ्यांत योग्य, कारण अखेरच्या भोजनाचा, म्हणजे याजकपदाच्या स्थापनेचा दिवस तोच आणि प्रकाशाच्या रहस्यांचाही (रोजरीत मनन करायच्या येशूच्या जीवनातल्या पाच प्रसंगांचाही) तोच. वेळ संध्याकाळी साडेसात ते आठ. आठ वाजता संपली तर आठ वाजताच उठा. मुले आणि कामावरून आलेले बाप्ये गट सोडतात ते प्रार्थनेला कंटाळून कमी आणि लांबलेल्या वेळेला कंटाळून जास्त.

एक वही लागेल. पहिल्या पानावर आपल्या धर्मग्रामातून आजवर झालेले धर्मगुरू, ब्रदर आणि धर्मभगिनी यांची नावे, गुरुदीक्षेची किंवा व्रतग्रहणाची तारीख, सध्या कुठे आहेत ते, आणि निवर्तले असतील तर पुण्यतिथी. ही माहिती चर्चच्या नोंदवहीत आणि घरच्या म्हाताऱ्यांकडे मिळते. दुसऱ्या पानावर सध्या शिकत असलेले. तिसरे पान कोरे सोडा आणि आठवड्याला एकदा त्याकडे बघा. त्या त्या तारखेला त्या माणसाचे नाव घेऊन रोजरीचे एक दशक, म्हणजे दहा "नमो मरिया", म्हणायचे. "सर्व धर्मगुरूंसाठी" म्हणताना मन भटकते, पण लहानपणी आपल्या आळीत क्रिकेट खेळलेल्या फादरांचे नाव घेताना तसे होत नाही.

अर्धा तास कसा वाटून घ्यावा

पाच दशके सावकाश म्हटली तर १५ ते १८ मिनिटे लागतात. राहिलेल्या वेळात सुरुवातीचे एक गीत (दोन कडवी, चार नाहीत), प्रत्येक रहस्याआधी बायबलमधली दोन-तीन वाक्ये आणि अर्ध्या मिनिटाची शांतता, शेवटी मरियेची लितानी (तिच्या एकेका नावाने करायची विनवणी) आणि पाचारणाची प्रार्थना. लितानी गायची असेल तर गीत गाळा. मे महिन्यात क्रूसाजवळ लादीन (गाऊन म्हटलेली लितानी) होते तेव्हा लोक मोकळेपणाने गातात, प्रसादाचे चणे खात गप्पा मारत बसतात. तिथे घाई नको. आठवड्याच्या रोजरीला मात्र घड्याळ असावे.

पुढाकार एकाच बाईकडे देऊ नका. पाच दशके, पाच जण: एक आजी, एक बाप, एक तरुण मुलगी, एक वेदीसेवक मुलगा, आणि पाचवे यजमान घराने. वेदीसेवकाला दशक आठवडाभर आधी सांगावे, ऐनवेळी पुढे ढकलू नये. "नमो मरिया"चा पहिला अर्धा भाग पुढाकार घेणाऱ्याने पूर्ण म्हणू द्यावा, मगच बाकीच्यांनी उचलावा. दोन्ही भाग एकमेकांवर चढले की दशक पाऊण मिनिटाने लवकर संपते आणि कुणालाच काही आठवत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १६ ऑक्टोबर २००२ च्या रोजरीवरील पत्रात एक जुनी पद्धत पुन्हा सुचवली: "येशू" या नावानंतर त्या रहस्याला धरून तीन-चार शब्द जोडायचे. पाचव्या प्रकाश रहस्यात "…येशू, ज्याने आम्हांला आपले शरीर दिले" असे. दहाही वेळा न जमल्यास पहिल्या आणि शेवटच्या "नमो मरिया"त जोडा.

गुरुवारच्या पाच दशकांचे हेतू असे ठेवता येतात:

पहिले, यार्देनेतला बाप्तिस्मा: आपल्या धर्मग्रामात या वर्षी बाप्तिस्मा झालेली सगळी मुले. पाचारणाची सुरुवात तिथेच होते.

दुसरे, काना गावचे लग्न: ज्यांना आतून हाक ऐकू येते, पण "नंतर बघू" म्हणून टाळतात असे तरुण. मरियेचे "हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा" हे वाक्य आधी वाचावे.

तिसरे, राज्याची घोषणा आणि पश्चात्तापाची हाक: धर्मशिक्षण देणारे, कुमसाराला (पापकबुली ऐकायला) तासन्‌तास बसणारे धर्मगुरू.

चौथे, रूपांतर: सेमिनरीत असलेले. डोंगरावरून खाली उतरल्यावरचे दिवस त्यांच्या वाट्याला जास्त येतात.

पाचवे, पवित्र मिस्सेची स्थापना: आपले प्रमुख धर्मगुरू, आजारी आणि निवृत्त धर्मगुरू, आणि मद्यासारख्या संकटात सापडलेले. या शेवटच्यांची नावे मोठ्याने घ्यायची नाहीत.

सोमवारी किंवा शनिवारी बसणाऱ्या गटाला आनंदाची रहस्ये येतील. त्यात पाचव्यावर थांबावे. बारा वर्षांचा येशू मंदिरात राहतो, आईबाप तीन दिवस शोधतात, आणि सापडल्यावर मरिया विचारते, "बाळा, तू आमच्याबरोबर असा का वागलास?" लूक पुढे लिहितो की त्याचे उत्तर त्यांना समजले नाही. एकुलता एक मुलगा सेमिनरीत जातो म्हणतो तेव्हा आईचे पोट तुटते, वडील गप्प होतात, आणि आपली श्रद्धा कमी पडली असे दोघांना वाटू लागते. त्यांना हे रहस्य द्या. मरिया आणि योसेफ यांनाही लगेच समजले नव्हते. पहिल्या रहस्यातही गब्रिएलला मरियेने "हे कसे होईल?" असे विचारलेच होते. मुलाने शंभर प्रश्न विचारले म्हणून त्याचे पाचारण खोटे ठरत नाही.

लितानीनंतरची प्रार्थना छोटी आणि पाठ होईल अशी हवी. ही चालेल:

"हे पित्या, पीक तुझे आहे आणि कामकरीही तूच पाठवतोस. आमच्या गावातून, आमच्या आळीतून, आणि तुझी इच्छा असेल तर आमच्या घरातून तुझ्या वेदीसाठी सेवक निवड. ज्यांना तू हाक देतोस त्यांना ऐकू येईल इतकी शांतता आमच्या घरात असू दे. मरिये, क्रूसाखाली योहानाला तू आपल्या घरचा मानलेस; आमच्या धर्मगुरूंची आई हो आणि आमच्यासाठी विनंती कर. आमेन."

"आमच्या घरातून" हे शब्द पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही जण गिळतात. गिळू द्या, पण कागदावरून काढू नका. कागद लॅमिनेट करून घ्या आणि अक्षर ठसठशीत ठेवा, म्हणजे ओटीवरच्या पिवळ्या बल्बखालीही वाचता येते.

मूर्ती घरोघरी

ऑक्टोबरमध्ये मरियेची मूर्ती घरोघर जाते, ती रीत इथे वर्षभर वापरता येते: एका घरी एक आठवडा, गुरुवारी रोजरी तिथेच, रोजरी संपल्यावर पुढच्या घरी. मूर्ती फूट-सव्वा फुटाची, फायबरची घ्या. प्लास्टरच्या मूर्तीची आधी बोटे जातात, मग मुकुटाचे टोक, आणि तिसऱ्या महिन्यात डिंकाने चिकटवलेली मूर्ती घरात ठेवायला लोक कचरतात. ती उचलताना एक हात खालच्या बैठकीला हवा, मानेला किंवा जोडलेल्या हातांना धरून उचलू नये. पावसाळ्यात जुना टॉवेल गुंडाळून झाकणाच्या डब्यातून न्या. मेणबत्ती वीतभर पुढे ठेवली नाही तर झग्यावर काजळी धरते.

मूर्तीबरोबर वही जाते. त्या आठवड्यात त्या घराने रोज जेवणाआधी निदान एक दशक म्हणायचे आणि वहीतल्या एका धर्मगुरूला फोन करायचा. सणाला फोन सगळेच करतात, मधल्या साध्या आठवड्यात आलेला फोन त्यांच्या लक्षात राहतो.

खाण्याचे एक पहिल्या दिवशीच ठरवून टाका: चहा आणि बिस्किट, बस. एका घराने केक कापला की पुढच्याला पॅटिस करावे लागते, आणि चौथ्या घरची माणसे "आमच्याकडे नको या महिन्यात" म्हणतात. गट मोडण्याचे हे कारण कुणी उघड सांगत नाही.

वर्षातले दिवस

पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये सुरू केला. तो ईस्टरच्या चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी येतो. ईस्टर हाच पहिला रविवार धरायचा, म्हणून ईस्टरनंतर बरोबर तीन आठवडे मोजा. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, तेव्हा हा दिवस १८ एप्रिल.

नोव्हेनासाठी, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी, दोन सण सोयीचे. एक २५ मार्च, मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा. नोव्हेना १६ ते २४ मार्च. हा सण पवित्र आठवड्यात आला तर पुढे सरकून ईस्टरच्या दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी जातो. २०२७ मध्ये २५ मार्च हा पवित्र गुरुवारच आहे, त्यामुळे सण ५ एप्रिलला साजरा होईल आणि नऊ दिवस ईस्टरच्या धामधुमीत सापडतील. अशा वर्षी मार्चचा नाद सोडावा.

दुसरा ८ सप्टेंबर, मरियेचा जन्मदिन. नोव्हेना ३० ऑगस्ट ते ७ सप्टेंबर. या दिवसांत वेलंकनीचा आणि वांद्र्याच्या मोत माउलीचा नोव्हेना घरोघर चालूच असतो. त्याच्या जोडीला वेगळा कार्यक्रम उभा करण्यापेक्षा चालू असलेल्या नोव्हेनात रोज एक हेतू पाचारणाचा घाला. वांद्र्याला मेणाचे घर, मेणाचा पाय वाहणाऱ्यांनी एक साधी मेणबत्ती आपल्या धर्मग्रामातल्या धर्मगुरूंसाठीही लावावी.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा आगेरा. नव्या भाताची कणसे वेदीपुढे आणली जातात, त्या मिस्सेत "पीक फार आहे" हे वाक्य लोकांना समजावून सांगावे लागत नाही. कणसे घेऊन येणाऱ्यांत वेदीसेवक मुले असावीत. ७ ऑक्टोबरचा रोजरी मातेचा सणही त्याच सुमारास असतो.

महिन्यातून एक पवित्र तास

पहिल्या गुरुवारी चर्चमध्ये तासभर. वाटणी अशी जमते: साक्रामेंत वेदीवर ठेवताना गीत ५ मिनिटे, शास्त्रवाचन आणि शांतता १०, रोजरी २०, निव्वळ शांतता १५, विनंत्या ५, आशीर्वाद ५. पंधरा मिनिटांची शांतता पहिल्या महिन्यात कुणाला तरी सोसत नाही आणि ते गाणे सुरू करतात. गायकवृंदाला आधीच सांगून ठेवा. साक्रामेंताचा आशीर्वाद धर्मगुरू किंवा उपगुरूच (डीकन) देऊ शकतात. फादर नसतील तर साक्रामेंताच्या पेटीपुढे बसून तोच तास करा.

मिस्सा चालू असताना मात्र रोजरी म्हणू नका. मिस्सेआधी संपवा, नाहीतर नंतर सुरू करा. सहावे पॉल यांच्या १९७४ च्या त्याच पत्रात या सवयीला स्पष्ट नकार आहे.

नवस, दबाव आणि फॉरवर्ड

"मुलगा बरा झाला तर फादर करीन" असा नवस आया करतात. चर्चच्या कायद्याचे कलम ११९३ सांगते की नवस करणाऱ्यालाच बांधतो. आईने स्वतःच्या वतीने काय करायचे ते बोलावे, मुलाच्या आयुष्याचा करार करू नये. कलम १०२६ त्याहून कडक आहे: कुणालाही गुरुदीक्षा घ्यायला भाग पाडणे निषिद्ध. त्यामुळे वेदीसेवक मुलाला सगळ्यांदेखत "काय रे, तू होणार ना फादर?" असे विचारणे बंद करा. एकदा विचारले की तो लाजतो, तिसऱ्यांदा विचारले की वेदीसेवा सोडतो. कुणाला एखाद्यात काही दिसत असेल तर आईवडिलांच्या कानावर घालावे आणि थांबावे. मुलांना एकट्याने भेटणे, परस्पर मेसेज करणे, गटातल्या कुणीही करू नये. शिबिराला पाठवायचे तर पालकांच्या लेखी संमतीने आणि धर्मप्रांताच्या माणसांबरोबरच.

व्हॉट्सॲपवरचे "ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा" वाले निरोप गटात येऊ देऊ नका. ते नोव्हेना नव्हेत.

आणखी एक खोड आहे. रोजरी संपते आणि ओटीवरच फादरांची उणीदुणी सुरू होतात: प्रवचन लांबले, अमक्याच्या मर्तिकाला आले नाहीत. आतल्या खोलीत अभ्यास करणारा मुलगा दोन्ही ऐकतो.

घरातल्या मुलाने "मला जायचंय" म्हटले तर

त्या रात्री आळीला सांगू नका. पेढे नकोत, रडारडही नको. त्याच आठवड्यात प्रमुख धर्मगुरूंकडे घेऊन जा. ते पाचारण संचालकांशी गाठ घालून देतील. मुलाला धर्मप्रांतीय धर्मगुरू व्हायचे आहे की एखाद्या संघात जायचे आहे हे बहुधा त्यालाच ठाऊक नसते. मे महिन्यातली आणि दिवाळीच्या सुट्टीतली शिबिरे त्यासाठीच असतात. एकाहून अधिक पाहू द्या.

कागदपत्रांत बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला लागतोच. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथून तो नव्याने काढावा लागतो, म्हणून लहानपणचा घरातला पिवळा कागद घेऊन निघू नका. शाळेची प्रमाणपत्रे, वैद्यकीय तपासणी आणि प्रमुख धर्मगुरूंचे पत्र बाकीचे.

वेळेचा अंदाज आधीच द्या. कायद्याने निदान दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईशज्ञान लागते. आधीची तयारी आणि मधले प्रत्यक्ष कामाचे वर्ष धरून बारावीनंतरचा मुलगा वेदीपर्यंत पोचायला दहाच्या आसपास वर्षे सहज जातात. उपगुरूपदासाठी २३ आणि गुरुदीक्षेसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. मुंबईच्या मुलांची वाट गोरेगावच्या सेंट पायस टेन सेमिनरीतून जाते, गोव्याच्या मुलांची साळगाव-पिळर्ण आणि पुढे राशोलमधून. पुण्याची पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली.

कँडीशी गोव्याचा त्याहून जुना धागा आहे. बाणावलीला जन्मलेले सेंट जोसेफ वाझ यांनी गुरुदीक्षेच्या पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, सांकवाळला स्वतःला मरियेचा दास म्हणून लिहून दिले. दहा वर्षांनी ते भिकाऱ्याच्या वेषात श्रीलंकेत उतरले. तिथे डचांची बंदी होती, उघडपणे धर्मगुरू म्हणवता येत नव्हते, म्हणून गळ्यात रोजरी घालून दारोदार फिरले. ज्याची नजर तिच्यावर थांबेल तो कॅथोलिक, ही त्यांची खूण. १७११ मध्ये कँडीतच ते वारले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले. सेमिनरीत निघालेल्या मुलाला गटाने काही द्यायचेच असेल तर एक बळकट दोऱ्याची रोजरी द्यावी. साखळीची खिशात तुटते.

तो गेला की त्याचे नाव वहीच्या दुसऱ्या पानावर येईल. काही मुले दोन-तीन वर्षांनी परत येतात. सेमिनरी हा पारखण्याचाच काळ असतो, आणि पारखून परतणेही त्याचाच भाग आहे. आळीत मात्र कुजबूज होते, आई मिस्सेला मागच्या बाकावर बसू लागते. अशा वेळी वहीतले नाव खोडू नका. पुढच्या गुरुवारी त्याच्याच घरी मूर्ती न्या, आणि त्याला जमणार असेल तर तिसरे दशक त्यालाच म्हणू द्या.